शब्दांची उतरंड : इंग्रजी शब्दसंग्रहाच्या इतिहासाविषयी

इंग्रजी ही मोठी उदार भाषा आहे, ती कोणत्याही भाषेतून शब्द घेते आणि म्हणूनच ती समृद्ध झाली, हे विधान आपल्याकडे महाविद्यालयाच्या वर्गापासून साहित्य संमेलनाच्या व्यासपीठापर्यंत सर्वत्र ऐकू येते. हेच विधान करणारे विद्वान दलित कवितेतले शब्द वाचले की मात्र अस्वस्थ होतात. इंग्रजीने शेकडो भाषांतले शब्द घेतले तर ती समृद्धी, आणि महारवाड्यातले, मांगवाड्यातले, झोपडपट्टीतले शब्द मराठी कवितेत आले तर ती भाषेची विटंबना! ही दुटप्पी भूमिका तपासायची असेल तर ज्या इंग्रजीचा दाखला दिला जातो, तिचा शब्दसंग्रह प्रत्यक्षात कसा घडला हे पाहणे अगत्याचे आहे.

इंग्रजीची वाढ आणि घडण सांगणारा डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांचा ग्रंथ १९०५ साली प्रसिद्ध झाला. या विषयावरील पुढच्या अनेक पाठ्यपुस्तकांनी त्याच वाटेने प्रवास केला. या सर्व लेखनात एक कल्पना गृहीत धरलेली असते, ती म्हणजे शब्दांच्या उसनवारीची. आता उसनवारी शेजाऱ्याशेजाऱ्यांत होते. देणारा आणि घेणारा दोघेही आपापल्या घरचे मालक असतात. इंग्रजीच्या बाबतीत हे कितपत खरे आहे?

पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या जर्मानिक टोळ्या ब्रिटनमध्ये आल्या. तेथे आधीपासून राहणारे लोक केल्टिक भाषा बोलत. त्या भाषांतले फारच थोडे शब्द इंग्रजीत टिकले. नद्यांची आणि गावांची नावे तेवढी राहिली. पण जितांसाठी जेत्यांनी वापरलेला एक शब्द फार बोलका आहे. प्राचीन इंग्रजीत ‘वेअल्ह’ म्हणजे परका, म्हणजेच मूळचा ब्रिटन. पुढे याच शब्दाला ‘गुलाम’ असा अर्थ आला. आजचा ‘वेल्श’ हा शब्द याच मुळापासून निघाला आहे. ज्यांची भूमी, ते परके ठरले आणि परके म्हणून गुलाम ठरले. इंग्रजीतला ‘स्लेव्ह’ हा शब्दही असाच आहे. मध्ययुगात युरोपात स्लाव्ह लोकांना मोठ्या प्रमाणावर गुलाम केले गेले, आणि त्यांच्या जमातीचे नाव लॅटिन व फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन सर्वच गुलामांचे नाव झाले.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९४८ सालच्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाची आठवण होणे अपरिहार्य आहे. अस्पृश्य हे मूळचे पराभूत, फुटलेल्या टोळ्यांचे लोक, आणि म्हणून ते गावाबाहेर राहिले, हा सिद्धांत मांडताना बाबासाहेबांनी आयर्लंडमधील ‘फुइधिर’ आणि वेल्समधील ‘अल्टुड’ या गावाबाहेरच्या समूहांचा दाखला दिला आहे. ज्या वेल्श लोकांना इंग्रजांनी परके म्हटले, त्यांच्याही समाजात परक्यांसाठी वेगळा शब्द आणि वेगळी जागा होती. पराभूताला नाव देण्याचा अधिकार जेता स्वतःकडे ठेवतो, ही गोष्ट एका देशापुरती नाही.

इंग्रजी शब्दसंग्रहावरचा सर्वांत मोठा आघात १०६६ साली झाला. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. राजदरबार, न्यायालय, सैन्य आणि धर्मसत्ता यांच्या वरच्या जागा फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हाती गेल्या. शेत, गोठा आणि भट्टी इंग्रजी बोलणाऱ्यांकडे राहिली. १०८६ साली राजाने जमिनीची जी प्रसिद्ध पाहणी करविली, तिच्या नोंदींत दर दहा माणसांमागे सुमारे एक गुलाम आढळतो. त्याच्यावर झोपडीवाले आणि जमिनीला बांधलेली कुळे, त्यांच्याही वर सरदार. समाजाची अशी उतरंड रचली गेली, आणि तिच्या शेजारी शब्दांचीही उतरंड उभी राहिली.

राज्य, न्याय, गुन्हा, तुरुंग, कर, सैन्य यांचे आजचे मुख्य इंग्रजी शब्द फ्रेंचमधून आले आहेत. शिंपी, चित्रकार, गवंडी या धनिकांच्या संपर्कातल्या कारागिरांची नावे फ्रेंच. मेंढपाळ, लोहार, मोचीकाम करणारा, भटारी यांची नावे मूळ इंग्रजी. गाय ‘काऊ’ आणि तिचे मांस ‘बीफ’, मेंढी ‘शीप’ आणि तिचे मांस ‘मटन’, डुक्कर ‘स्वाइन’ आणि त्याचे मांस ‘पोर्क’, ही उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. वॉल्टर स्कॉटने ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत एका विदूषकाच्या तोंडून एका डुकरे राखणाऱ्याला हाच भेद समजावून दिला आहे. या उदाहरणाचा अतिरेक करू नये. ‘बीफ’सारखे शब्द पुढे कित्येक शतके जिवंत जनावरांसाठीही वापरले जात होते आणि आजचा काटेकोर भेद हळूहळू पक्का झाला. तरीही जनावर राखणाऱ्याची भाषा गोठ्यात राहिली आणि ताटावर बसणाऱ्याची भाषा ताटात राहिली, हा मुद्दा मागे उरतोच. ज्यांनी पिढ्यानपिढ्या मेलेली ढोरे ओढली, त्यांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

शब्दांच्या नैतिक अधःपतनाचा प्रकार याहून गंभीर आहे. लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे शेतवाडी. त्या वाडीवर राबणारा तो ‘व्हिलेन’, म्हणजे जमिनीला बांधलेले कूळ. आज इंग्रजीत या शब्दाचा अर्थ खलनायक असा आहे. ‘चर्ल’ हा मुळात साधा स्वतंत्र शेतकरी. आज त्या शब्दापासून असभ्य वर्तनाचे विशेषण बनते. ‘नेव्ह’ म्हणजे मुलगा, मग पोऱ्या, मग नोकर, आणि शेवटी लबाड. ‘ल्यूड’ म्हणजे जो धर्मगुरू नाही असा सामान्य माणूस. पुढे अडाणी आणि आता कामुक. याउलट ‘नोबल’ आणि ‘जंटल’ हे शब्द मुळात कुळाचा आणि जन्माचा दर्जा सांगणारे. आज ते अंतःकरणाचे गुण सांगतात. सी. एस. लुइस यांनी १९६० सालच्या आपल्या पुस्तकात या प्रक्रियेला दर्जावाचक शब्दांचे नैतिकीकरण म्हटले आहे. वर्णन अचूक आहे, परंतु ही प्रक्रिया आपोआप घडत नाही. जमीन, न्याय आणि लेखणी ज्याच्या हाती, तोच स्वतःच्या जन्माला सद्गुणाचे आणि दुसऱ्याच्या श्रमाला दुर्गुणाचे नाव देतो. ‘नाइट’ हाही शब्द मूळचा मुलगा किंवा सेवक या अर्थाचा. पण तो घोड्यावर बसलेल्या लढवय्याला चिकटला म्हणून वर गेला. एकाच अर्थाच्या दोन शब्दांपैकी एक सरदार झाला आणि दुसरा लफंगा.

आपल्या काव्यशास्त्राकडे या प्रकाशात पाहिले म्हणजे त्याचेही बिंग फुटते. संस्कृत आचार्यांनी काव्यदोषांत ‘ग्राम्य’ हा दोष सांगितला. ग्राम म्हणजे गाव. शेतवाडीवरून इंग्रजीत दुष्ट माणसाचा शब्द निघाला, गावावरून संस्कृतात दोषाचा शब्द निघाला. इंग्रजीत शहरासाठीच्या लॅटिन शब्दावरून सभ्यतेचे विशेषण बनले, संस्कृतात नगरावरून ‘नागर’ बनले. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन समाजांतल्या वरिष्ठांनी एकाच रीतीने शब्द घडवले. आणि ज्या व्यवस्थेत गावातलाच माणूस ग्राम्य ठरतो, तेथे गावकुसाबाहेरच्या माणसाच्या शब्दाला काय दर्जा मिळणार?

तरीही इंग्रजीच्या इतिहासाला दुसरी बाजू आहे. तिच्या शब्दकोशातील शब्दांची मोजदाद करणाऱ्यांनी १९७३ साली असे दाखविले, की लॅटिन आणि फ्रेंच यांचा वाटा प्रत्येकी शेकडा २८ च्या आसपास आहे, आणि इंग्रजीसह सर्व जर्मानिक भाषांचा मिळून सुमारे २५. परंतु रोजच्या बोलण्यात सर्वाधिक येणारे शंभर शब्द घेतले तर ते जवळजवळ सगळे जर्मानिक आहेत. आई, भाऊ, पाणी, भाकरी, हात, घर यांचे शब्द नांगर धरणाऱ्यांचे राहिले. १३४८ च्या महामारीत प्रचंड मनुष्यहानी झाली, मजुरांचा तुटवडा पडला, त्यांच्या श्रमाची किंमत वाढली, आणि त्यांच्या भाषेचीही पत वाढली. १३६२ साली न्यायालयांत इंग्रजीत वाद चालवावेत असा कायदा झाला. तो कायदा लिहिला गेला मात्र फ्रेंचमध्ये! १३८१ साली कुळांनी उठाव केला आणि तो चिरडला गेला. पुढे धर्मग्रंथ इंग्रजीत आणण्यावरही बंदी आली. बायबलचा नवा करार छापील इंग्रजीत आणणाऱ्या विल्यम टिंडलला १५३६ साली गळा आवळून मारले आणि त्याचे प्रेत जाळले. लोकांच्या शब्दांत धर्म सांगणे हा गुन्हा केवळ आपल्याकडेच मानला गेला असे नाही. आणि १६११ साली राजाच्या आज्ञेने जे बायबल सिद्ध झाले, त्यात टिंडलचीच शब्दरचना फार मोठ्या प्रमाणावर घेतलेली आहे.

भाषेचा दरवाजा अडविणारे पुढे कोशकार झाले. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनचा कोश आला. त्याच्या प्रस्तावनेत कष्टकरी आणि व्यापारी लोकांचे शब्द क्षणभंगुर आहेत, म्हणून ते जतन करण्यास पात्र नाहीत, अशी भूमिका घेतलेली आहे. म्हणजे ज्याच्या हातून भाकरी घ्यायची, त्याचा शब्द मात्र घ्यायचा नाही. ऑक्सफर्डचा महाकोश १८८४ पासून भागशः निघू लागला आणि १९२८ साली पूर्ण झाला. त्यात लैंगिक क्रिया आणि अवयव यांचे अतिपरिचित असे दोन शब्द मुद्दाम गाळलेले होते. ते आत आले १९७२ च्या पुरवणी खंडात. १९७२ हेच नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’चे वर्ष. ज्या शब्दांसाठी आपल्या समीक्षकांनी नाक मुरडले, तसले शब्द ऑक्सफर्डच्या पंडितांनी त्याच वर्षी विद्येच्या दालनात आणून बसविले. येथे फरक एवढाच, की ऑक्सफर्डला कोणी असंस्कृत म्हटले नाही.

अमेरिकेतील काळ्या लोकांच्या भाषेचे उदाहरणही असेच आहे. दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील गुलामांच्या वंशजांची ‘गला’ बोली म्हणजे बिघडलेली इंग्रजी, असे गोरे विद्वान सांगत असत. लोरेन्झो डाउ टर्नर या काळ्या भाषाशास्त्रज्ञाने त्या लोकांत राहून अभ्यास केला आणि १९४९ साली तिच्यातील हजारो नावे व शब्द आफ्रिकी भाषांतून आलेले आहेत असे दाखवून दिले. ज्याला चूक म्हटले जात होते ती स्मृती होती. ते ऐकू येण्यासाठी त्याच वेदनेतून आलेला कान लागला.

आता आपल्याशी थेट संबंध असलेल्या शब्दांकडे येऊ. आज इंग्रजीत बहिष्कृत राष्ट्राला किंवा व्यक्तीला ‘परिया’ म्हणतात. हे तमिळ प्रदेशातील परैयर या अस्पृश्य जातीचे नाव. ‘परै’ म्हणजे डफासारखे वाद्य. वसाहतीतल्या गोऱ्या साहेबांनी तो शब्द उचलला, गावातल्या बेवारस कुत्र्यांनाही लावला, आणि आज जगभरचे वृत्तपत्रकार तो निःसंकोच वापरतात. इंग्रजीच्या औदार्याचा हाही एक नमुना मानायचा काय? जिवंत माणसांच्या जातीचे नाव शिवीसारखे वापरले जाते, आणि कोश त्याची व्युत्पत्ती शांतपणे नोंदवतो. ‘कास्ट’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. ‘अनटचेबल’ या शब्दाची घडण पाहा: नकाराचा उपसर्ग मूळ इंग्रजी, स्पर्शाचा धातू फ्रेंच, योग्यतेचा प्रत्ययही फ्रेंच. इंग्रजीत दोन कुळांचे शब्द असे बिनदिक्कत एकत्र नांदतात. पण त्यांनी मिळून जो शब्द बनविला, तो माणसांनी एकत्र नांदू नये हे सांगण्यासाठी आपल्याकडे वापरला गेला.

सरकारी इंग्रजीने आपल्याला लॅटिन मुळांची नावे दिली: ‘डिप्रेस्ड क्लासेस’, मग ‘शेड्यूल्ड कास्ट्स’. कचेरीतल्या या शब्दांत जखम दिसत नाही. बाबासाहेबांनी स्वतःचा सिद्धांत मांडताना मात्र ‘ब्रोकन मेन’ हे शब्द घेतले. दोन्ही शब्द मूळ इंग्रजी, कोणत्याही मजुराला कळतील असे. त्यात मोडले गेल्याचे दुःख आहे, आणि कोणीतरी मोडले हा आरोपही आहे. ‘दलित’ या शब्दाचा अर्थही हाच. आज तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. ‘परिया’ आमच्याविषयी दुसऱ्यांनी नेलेला शब्द होता. ‘दलित’ हा चळवळीने स्वतःसाठी वापरून जगाला दिलेला शब्द आहे. एकाच कोशातल्या या दोन शब्दांमधले अंतर म्हणजे चळवळीने कापलेले अंतर होय.

अर्थात कोशात जागा मिळाली म्हणजे गावात जागा मिळाली असे नाही, हेही विसरता कामा नये. इंग्लंडच्या कुळाची गुलामी त्याचे शब्द टिकले म्हणून संपली नाही. ती संपण्यास श्रमाची वाढलेली किंमत आणि त्याने केलेला संघर्ष कारणीभूत झाला. शब्दाचा दर्जा माणसाच्या दर्जामागून येतो. म्हणूनच दलित साहित्यातील एखाद्या शब्दाला कोणी ग्राम्य किंवा अशिष्ट म्हणेल, तेव्हा आपण त्या शब्दाची सफाई देत बसण्याचे कारण नाही. तो शब्द कोणाच्या तोंडी होता, त्याला खाली कोणी ढकलले आणि त्या वेळी लेखणी कोणाच्या हाती होती, हे प्रश्न आपण त्या समीक्षकालाच विचारले पाहिजेत. मराठी शब्दांचा असा इतिहास लिहिण्याचे काम अजून फार मोठ्या प्रमाणावर बाकी आहे, आणि ज्यांच्या शब्दांना सर्वांत खाली ठेवले गेले, त्यांच्याच मुलामुलींनी ते आता हाती घ्यावे.