वैनतेय
सावंतवाडी येथून मेघश्याम शिरोडकर यांनी १९२४ मध्ये सुरू केलेले मराठी साप्ताहिक. गरुडाचे नाव धारण करणाऱ्या या पत्रात, शिरोडे येथील शाळेत १९२० ते १९३८ पर्यंत शिक्षक असलेले वि. स. खांडेकर लेखन करीत. त्यांचे आरंभीचे लघुनिबंध येथे प्रसिद्ध झाले. तथापि खांडेकरांच्या उमेदवारीपुरतेच या पत्राचे महत्त्व मानणे एकांगी ठरते. मोजकी जागा व ठरलेली मुदत यांमुळे साप्ताहिकात लिहिणाऱ्यास आटोपशीरपणाची शिस्त लागते आणि वाचक जवळचा असल्याने लेखनास संवादाचा सूर लाभतो. लघुनिबंधास नेमके हेच गुण आवश्यक होते. मुंबई-पुण्याच्या नियतकालिकांवर भर देणाऱ्या वाङ्मयेतिहासाने लहान गावातील पत्राचे हे ऋण पुरेसे जोखलेले नाही.