‘चरित्र’ अभिनेत्याचे चरित्र : सपाट व्यक्तिरेखेविषयी एक टिपण

इंग्रजीतील ‘कॅरेक्टर अ‍ॅक्टर’ या संज्ञेसाठी आपल्याकडे ‘चरित्र अभिनेता’ हा प्रतिशब्द रूढ आहे. मराठीत ‘चरित्र’ म्हणजे जीवनवृत्तान्त. त्यामुळे काटेकोरपणे पाहता हा प्रतिशब्द सदोष ठरतो. परंतु नायकाभोवतीच्या दुय्यम भूमिका आयुष्यभर करणाऱ्या नटांचा विचार करू लागलो, की हा दोषच अर्थपूर्ण वाटू लागतो. या भूमिकांच्या आकलनात नटाच्या चरित्राला काही स्थान आहे काय, आणि असल्यास ते कोणते, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली व्यक्तिरेखांचे ‘सपाट’ आणि ‘गोलाकार’ असे वर्गीकरण केले. सपाट व्यक्तिरेखा एकाच कल्पनेभोवती रचलेली असते व ती चटकन ओळखू येते. फॉर्स्टर यांनी तिची उपयुक्तता मान्य केली होती. पुढील समीक्षेने मात्र ‘सपाट’ हे दूषण म्हणूनच वापरले. हॉलिवुडच्या स्टुडिओव्यवस्थेत चरित्र अभिनेता म्हणजे जणू सपाट व्यक्तिरेखेचा मूर्तिमंत अवतार. तो पडद्यावर येताच, संवादाआधीच, प्रेक्षकाला त्याचा अर्थ कळावा अशी अपेक्षा असते. मात्र कादंबरीतील पात्र शब्दांचे असते, चित्रपटातील पात्राला देह आणि आवाज असतो. साच्यात न मावणारे असे काहीतरी त्या देहाबरोबर येतेच. हे उरणारे ‘अधिक’ समीक्षेने कोठे ठेवायचे?

मायकेल कर्टिझ दिग्दर्शित ‘कॅसाब्लँका’ (१९४२) हा या दृष्टीने अभ्यसनीय चित्रपट आहे. त्याच्या श्रेयनामावलीतील नटांपैकी अमेरिकेत जन्मलेले केवळ तिघे होते. नाझी अधिकारी मेजर स्ट्रासर साकारणारा कॉन्राड फाइट हा ‘डॉ. कॅलिगारी’मधील (१९२०) निद्राचर. ज्यू पत्नीसह त्याने १९३३ साली जर्मनी सोडली होती. अमेरिकेला निघालेल्या वृद्ध जोडप्यातील पतीची भूमिका करणारा लुडविग श्टोसेल १९३८ नंतर ऑस्ट्रियातून परागंदा झालेला होता.

यावर आक्षेप असा येईल, की ही माहिती संहितेबाहेरची आहे आणि आपण चरित्रात्मक समीक्षेच्या जुन्याच सापळ्यात शिरत आहोत. आक्षेप गंभीर आहे. म्हणून संहितेत ऐकू येते तेवढ्यावरच भर देऊ. स्ट्रासरच्या इंग्रजीवर जर्मन हेल आहे. त्या वृद्ध जोडप्याच्या इंग्रजीवरही तोच आहे. एका ठिकाणी तो दहशतीचे चिन्ह ठरतो, दुसऱ्या ठिकाणी विनोदाचे व करुणेचे. छळणारा आणि छळ चुकवून पळणारा एकाच हेलात बोलत असतील, तर हेलावरून माणसाची ‘जात’ ओळखण्याची साच्याची रीतच डळमळते. हे चित्रपटाने हेतुपुरस्सर केले असेल वा नसेल. ऐकणाऱ्याला ते टाळता येत नाही. चरित्र येथे संहितेबाहेर राहत नाही, ते उच्चारातून संहितेत उतरते.

साच्याचा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही, हे मार्सेल दालिओच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. झाँ रन्वार यांच्या ‘ला ग्रांद इल्यूझियाँ’मध्ये (१९३७) तो रोझेन्थाल हा ज्यू युद्धकैदी होता. ‘ला रेग्ल द्यु ज्य’मध्ये (१९३९) रन्वार यांनी त्यालाच सरदार केले, आणि त्या सरदाराचे आजोळ रोझेन्थाल असल्याची कुजबुज स्वयंपाकघरातील नोकरांच्या तोंडी घातली. नटाच्या चेहऱ्याविषयी समाज जे बोलतो, तेच येथे चित्रपटाचे आशयद्रव्य बनते. १९४० साली दालिओने पॅरिस सोडले. त्यानंतर नाझींनी ‘ज्यू कसा ओळखावा’ हे दाखविणाऱ्या भित्तिपत्रकांवर त्याचाच चेहरा छापला. त्याच सुमारास ‘कॅसाब्लँका’त तो जुगाराच्या टेबलावरील एमिल होता, श्रेयनामावलीत त्याचे नावही नाही.

एकाच चेहऱ्याचे हे तीन उपयोग सारखे नव्हेत. भित्तिपत्रक चेहऱ्याला जातिलक्षण मानते आणि माणूस पुसून टाकते. हॉलिवुड त्याला सोयीची खूण मानते. त्यात द्वेष नाही, पण कुतूहलही नाही. रन्वार मात्र ती खूण वाचणाऱ्यांनाच पडद्यावर आणतात. पाहता क्षणी ओळख पटवणे ही तिन्हींतील समान क्रिया आहे. त्या ओळखीचे पुढे काय केले जाते, यावर तिचे मूल्य ठरते.

सपाट व्यक्तिरेखेच्या चर्चेत आपण आजवर ‘तिला खोली आहे का’ एवढेच विचारत आलो. तिचा साचा कोणी घडविला, तो कोणाच्या सोयीचा आहे आणि ज्याच्या देहावर तो चढविला त्याचे काय झाले, हे प्रश्नही तितकेच वाङ्मयीन आहेत. आपल्या कथा-कादंबऱ्यांतील निनावी नोकर, भटजी, सावकार यांच्याकडेही या प्रश्नांसह पुन्हा पाहावे लागेल.