आले ते धाडले

१ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा. मुले पळविणारी टोळी फिरते, या मोबाईलवरच्या अफवेपायी जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी ते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. चोखोबांच्या मुलखातले!

कीर्तनात बुवा चुकला तर समोरचा म्हातारा माळकरी तिथेच टोकतो. या निरोपाला तोंडच नाही, टोकावे कुणाला? ‘मी कुठे म्हणतो? आले ते धाडले.’

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांनाच पुढे धाडण्याची मर्यादा आणली. हात आखडला, खोड तीच.

तसला निरोप मीही कागलात बसून भजनी मंडळाला धाडला होता. मुलांची काळजी, असे मनाला सांगितले. खरे तर ‘बुवांना आधी कळले’ हा मान हवा होता. पुढच्या वारीत मंगळवेढ्याचा विणेकरी भेटला. मी तो विषय काढला नाही.