स्वतंत्र लेखनवृत्ती आणि गद्याची वाढ

आंतरजालावर स्वतंत्रपणे लिहून निर्वाह करणाऱ्या लेखकांचा जो वर्ग अलीकडे उदयास आला आहे, त्याची चर्चा बहुधा अर्थार्जनाच्या अंगानेच होते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘सबस्टॅक’सारख्या व्यवस्थेत लेखक वाचकाकडून थेट वर्गणी घेतो, व्यवस्था तीतील १० टक्के ठेवून घेते, आणि संपादक व प्रकाशक हे दोन्ही मध्यस्थ गळून पडतात. नियमित लेखनाने व्यक्तिविकास होतो आणि विकासामागोमाग अर्थप्राप्ती येते, हे या वर्गाचे आवडते प्रमेय होय. ते गद्याच्या कसोटीस लावून पाहणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

एकट्याच्या लेखणीवर ठरावीक मुदतीने निघणारे पत्र ही काही आजची कल्पना नव्हे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचे ‘रॅम्ब्लर’ मार्च १७५० पासून दोन वर्षे आठवड्यातून दोनदा निघत असे. २०८ अंकांपैकी मोजके वगळता सर्व त्यांनीच लिहिले. अंकाची किंमत दोन पेन्स, खप पाचशेच्या आत. परंतु लेखकाचे अंकामागे दोन गिनी ठरलेले. खपाची झळ प्रकाशकास लागे, वाक्यास लागत नसे. लौकिक आणि निर्वाह यांची सांगड मात्र येथेही पडत नाही. १७५५ मध्ये कोश प्रसिद्ध होऊन जॉन्सन यांची कीर्ती झाली, आणि पुढल्याच वर्षी सहा पौंडांहूनही कमी रकमेच्या कर्जापायी त्यांना अटक झाली. १७६२ मध्ये वार्षिक ३०० पौंडांचे वेतन मिळाले, तेव्हा कोठे ही ओढाताण थांबली. ‘रॅम्ब्लर’मधील जडशीळ लॅटिनप्रचुर गद्याशी १७७९ ते १७८१ मधील कविचरित्रांचे मोकळे, संभाषणाला जवळचे गद्य ताडून पाहिले म्हणजे वाढ म्हणजे काय ते दिसते. तिला तीस वर्षे लागली.

याच जॉन्सनवर ‘निबंधमाले’त लिहिणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर आपल्याकडील या वृत्तीचे ठळक उदाहरण होत. १८७४ पासून निघालेले तिचे ८४ अंक जवळजवळ सर्वस्वी एकहाती आहेत. त्यांतील बहुतेक लेखन शास्त्रीबोवा सरकारी शाळेत शिक्षक असताना झाले. राजीनामा दिला तो १८७९ मध्ये. म्हणजे मालेच्या स्वतंत्र बाण्यामागे, विरोधाभास वाटला तरी, सरकारी पगार उभा होता. वर्गणीदार दुखावेल की काय, ही धास्ती त्या गद्यात कोठेही जाणवत नाही. परंतु आवरणारा संपादक नसण्याची किंमतही तेथेच दिसते. जोतीराव फुले यांच्या भाषेतील व्याकरणावर बोट ठेवून त्यांच्या विचारास बगल देणारी ती टीका आज केवळ अन्याय्य नव्हे, तर समीक्षा म्हणूनही दुबळी वाटते. शेजारी बसून हस्तलिखित वाचणारा कोणी असता तर?

आजच्या स्वतंत्र लेखकापाशी हा संपादक नाही, ठरलेले दोन गिनी नाहीत आणि बहुधा पगारही नाही. उलट किती जणांनी पत्र उघडले व किती वर्गणीदार गळाले, हे आकडे त्याच्या समोर असतात. त्यांचा परिणाम प्रथम पुरुषवाचक सर्वनामांवर होतो असे माझे निरीक्षण आहे. मालेतील ‘आम्ही’ मागे पडून ‘मी’ आला, हे स्वागतार्हच. पण हा ‘मी’ लवकरच ‘तुम्ही’ला आज्ञार्थी क्रियापदे पुरवू लागतो: लिहा, ठरवा, सुरुवात करा. परिच्छेद एकेका वाक्याचे होतात. ‘तथापि’, ‘म्हणून’, ‘जरी–तरी’ ही विचारांची सांधेजोड ओसरते. अखेरीस लेखनातून पैसे कसे मिळवावे हाच लेखनाचा विषय होऊन बसतो. यास व्यक्तिविकास म्हणणे मला कठीण वाटते. सर्वच लेखक असे नाहीत, हे उघड आहे. एखाद्याच विषयावर चिकाटीने लिहिणारे काही जण वर्तमानपत्री लेखनाहून सरस गद्य लिहितात, आणि त्यांच्या वाक्यांत अव्यये शाबूत असतात.

वरील निरीक्षण पडताळून पाहण्याजोगे आहे. एकाच लेखकाची सशुल्क लेखनास आरंभ करण्यापूर्वीची व नंतरची प्रत्येकी पन्नास पत्रे घेऊन वाक्याची लांबी, उभयान्वयी अव्यये आणि आज्ञार्थी रूपे मोजावीत. पदव्युत्तर वर्गातील कोणी हे काम हाती घेतल्यास प्रथम सर्व पत्रांच्या छापील प्रती काढून ठेवाव्यात, कारण हा लेखक स्वतःच प्रकाशक असल्यामुळे आपले जुने लेखन त्याला केव्हाही बदलता किंवा पुसून टाकता येते.