लीळा, डीड्स आणि प्ले

सारख्या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द समोर आले, की अकोल्याची आमची शाळकरी मुले विचारतात, "सर, यांतला बरोबर कोणता?" शब्दकोश दोन्हींना बरोबर म्हणून मोकळा होतो, मास्तराला तसे मोकळे होता येत नाही. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते; पण या प्रश्नाचे एक चांगले उत्तर मला आपल्या वऱ्हाडातच मिळाले.

अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर महानुभावांचे मोठे तीर्थ. तेराव्या शतकात चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू तेथे वावरले. त्यांचे चरित्र म्हाइंभटांनी लिहिले. चक्रधरांचे 'लीळाचरित्र'ही त्यांचेच. दोन्हींतल्या प्रसंगांना नाव एकच: लीळा. ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत नेले. गोविंदप्रभूंचे चरित्र 1984 साली निघाले ते 'द डीड्स ऑफ गॉड इन रिद्धिपूर' या नावाने; आणि 40 वर्षांनी, 2024 साली, 'लीळाचरित्रा'चा पहिला खंड आला तो 'गॉड ॲट प्ले' म्हणून. एकाच हाताने एकीकडे 'कृत्ये' लिहिली, दुसरीकडे 'खेळ'!

वरवर पाहता ही अदलाबदल झाली असे वाटते. गोविंदप्रभू पोरांत पोर होऊन खेळत, कोणाच्याही घरात शिरून खात, अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीत खुशाल जात; लोक त्यांना वेडे म्हणत. चक्रधर निरूपण करणारे, शिष्यांना आचार घालून देणारे. मग 'खेळ' कोणाला शोभावा?

माझ्या मते ही निवड नकळत का होईना, फार शहाणपणाची आहे. वेड्यासारखे वागणाऱ्याच्या वागण्याला 'प्ले' म्हटले असते, तर परका वाचक हसून पुढे गेला असता. 'डीड्स' हा भारदस्त शब्द त्याला थांबवतो. उलट चक्रधरांचे गांभीर्य पानोपानी आहेच; तेथे 'प्ले' म्हटल्याने ईश्वराचे सहजपण कळते.

मात्र 'डीड्स'मध्ये काही हरवलेही आहे. आमच्याकडे 'डीड' म्हटले, की शेतकऱ्याला सब-रजिस्ट्रारची कचेरी आणि सेल डीड आठवते! हा विनोद सोडला, तरी त्या शब्दाला हसू येत नाही, आणि राऊळांच्या चरित्रात हसू जागोजागी आहे. जुने भाषांतरकार लीलेला 'स्पोर्ट' म्हणत. आजच्या मुलांना त्यात शाळेचे क्रीडांगणच दिसेल.

मराठीला ही अडचण कधी पडलीच नाही. नातवाने शंकरपाळ्यांचा डबा पालथा केला, की वऱ्हाडातली आजी म्हणते, "पाह्य, काय लीला करून ठेवल्या लेकानं!" आणि संध्याकाळी तीच आजी देवापुढे हात जोडून त्याच्या लीला आळवते. एका शब्दात तिच्या घरचा खोडकर आणि देव्हाऱ्यातला देव दोघे सुखाने नांदतात. इंग्रजीत त्यांना दोन बिऱ्हाडे करावी लागतात.

म्हणून दोन जवळच्या शब्दांतून एक उचलताना अर्थ तर जुळवावाच. पण वाचकाच्या मनात आधीपासून काय आहे, तेही पाहावे. जिथे तो हलके समजण्याचा धोका आहे तिथे वजनदार शब्द घालावा, जिथे तो दबून जाईल तिथे हलका. रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तेथे भाषांतराचा वर्ग भरेल तेव्हा पहिला धडा याच दोन नावांचा व्हावा, असे मला मनापासून वाटते.