जातिअंताचा प्रश्न, माहितीपट आणि शालेय विद्यार्थी : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शासकीय शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून जाहीर केला. या निमित्ताने शाळाशाळांतून निबंध लिहून घेतले जातात, भाषणे बसविली जातात. विद्यार्थी आंबेडकरांविषयी बोलतो. परंतु त्या मुलाला शाळेत जे भोगावे लागले त्याचे आजचे रूप काय, याविषयी त्याला क्वचितच बोलते केले जाते. माहितीपट हे माध्यम शालेय विद्यार्थ्याच्या हाती आले तर हे मौन सुटू शकेल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विद्यार्थ्याने दिलेली साक्ष मराठीला नवी नाही. फुले दांपत्याच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ताबाईने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. याउलट, १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी निघालेल्या आंबेडकर भावंडांना मसूर स्थानकावर गाडीवान मिळेना, दुप्पट भाडे कबूल करून गाडी स्वतःच हाकावी लागली आणि वाटेत पाणीही मिळाले नाही, ही हकीकत आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदविली ती तीन दशके उलटल्यावर. एक साक्ष विद्यार्थिदशेतच उमटली, तर दुसरीला प्रौढ होईपर्यंत थांबावे लागले. हा कालावधी कॅमेरा कमी करतो, हे त्याचे सामर्थ्य होय.

या सामर्थ्याचे बहुचर्चित उदाहरण अमेरिकेतील आहे. १९६४ मध्ये मिसिसिपी राज्यात चेनी, गुडमन व श्वर्नर या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांची हत्या झाली. त्याविषयी इलिनॉय राज्यातील एका माध्यमिक शाळेच्या तीन विद्यार्थिनींनी शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली इतिहास स्पर्धेसाठी माहितीपट केला. मुख्य संशयित एडगर रे किलन याची मुलाखतही त्यांनी मिळविली. पुढे खटला नव्याने उभा राहिला आणि २१ जून २००५ रोजी, घटनेला बरोबर ४१ वर्षे झाली त्या दिवशी, किलन सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला. ही कथा नेहमी विजयकथा म्हणून सांगितली जाते. ती तशी स्वीकारणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. पत्रकार जेरी मिचेल यांचा अनेक वर्षांचा शोध, मृतांच्या कुटुंबीयांची चिकाटी आणि स्थानिक नागरिकांनी उभारलेला दबाव यांवाचून तो माहितीपट स्पर्धेपुरताच राहिला असता. शिवाय त्या विद्यार्थिनी घटनास्थळापासून शेकडो मैल दूर राहत होत्या. चित्रीकरण संपल्यावर त्यांना किलनच्या गावात नांदावयाचे नव्हते. सातारा-सांगलीकडील एखाद्या गावातील नववीच्या मुलाला हे अंतर कोठून मिळणार? ज्या पाणवठ्याविषयी तो बोलेल त्याच पाणवठ्यावर संध्याकाळी त्याची आई जाणार असते.

वंश व जात या संकल्पना एक नव्हेत. जातीची विभागणी वांशिक नाही, हे आंबेडकरांनीच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात बजावले आहे. तथापि दोन्ही लढ्यांचे नाते जुने आहे. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्या जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकनांस अर्पण केला. आणि मिनियापोलिसमध्ये १९४१ साली जन्मलेल्या गेल ऑम्वेट सांगली जिल्ह्यातील कासेगावी स्थायिक झाल्या व २०२१ मध्ये तेथेच निवर्तल्या.

ऑम्वेट व भारत पाटणकर यांच्या सहजीवनाकडे कॅमेरा वळविणारे सोमनाथ वाघमारे हे सांगली जिल्ह्यातील मालेवाडीचे. ‘द बॅटल ऑफ भीमा कोरेगाव : अॅन अनएंडिंग जर्नी’ (२०१७) आणि ‘चैत्यभूमी’ (२०२३) हे त्यांचे माहितीपट येथे विशेष विचारात घ्यावे लागतात. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) घाटकोपरच्या रमाबाई नगरातील ११ जुलै १९९७ च्या गोळीबारापासून व त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेल्या आत्महत्येपासून सुरू होतो. चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून सिद्ध झालेली ही कृती मोठी आहे, यात शंका नाही. परंतु तिची सुरुवात मृत्यूपासून होते. वाघमारे सुरुवात करतात ती समूहाच्या स्मरणापासून. १ जानेवारीला विजयस्तंभाकडे आणि ६ डिसेंबरला दादरकडे येणारी माणसे त्यांच्या चित्रचौकटीत दयेचा विषय नसतात. ती आपल्या इतिहासाची जाणकार असतात. हा भेद दिग्दर्शकाच्या जातीचा आहे, असे म्हणून विषय आटोपता घेण्याची आपल्याकडे सवय आहे. खरा भेद बोलणाऱ्याला काय विचारले जाते यात आहे. ‘तुझ्यावर काय गुदरले?’ असे विचारले की माणूस पीडित म्हणून उभा राहतो, आणि ‘तुला काय माहीत आहे?’ असे विचारले की तोच माणूस साक्षेपी वक्ता होतो. वाघमारे दुसरा प्रश्न विचारतात. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागते : समूहाच्या आत्मभानात अंतर्गत मतभेदांचा, विशेषतः स्त्रियांच्या वेगळ्या अनुभवाचा, सूर दबतो. भीमा कोरेगावचा माहितीपट मात्र १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारापूर्वीच पूर्ण झालेला असल्यामुळे त्या शांत मेळ्याचे चित्रण आज दस्तऐवज ठरले आहे. उत्सव टिपणे हे सौम्य काम नव्हे, एवढे त्यावरून दिसून येते.

शाळेला हीच पद्धत अधिक मानवेल. प्रतापसिंह हायस्कूलचे नोंदणीपुस्तक, सावित्रीबाईंचे नायगाव, अण्णा भाऊ साठे यांचे वाटेगाव, कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांसाठी १९२४ साली साताऱ्यात काढलेले वसतिगृह. विषयांची वाण नाही. धोका आहे तो असा की, असा माहितीपट जयंतीच्या भाषणाइतकाच निरुपद्रवी होऊ शकतो. वाटेगावी जाऊन अण्णा भाऊंचे स्मारक टिपणाऱ्या मुलांनी, त्या काळी मांगवाड्याची वस्ती कोठे होती आणि आज कोठे आहे, हे विचारले नाही तर कॅमेरा नेला काय अन् न नेला काय! भूतकाळाविषयीचा प्रश्न वर्तमानात आणून सोडणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि नेमके तेथेच संस्थाचालक, सरपंच व पालक यांच्या नाराजीची भीती आडवी येते. मुक्ताबाईच्या निबंधामागे तिची शाळा उभी होती, ही बाब येथे विसरता येत नाही.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्ह्यातील पीडित अथवा साक्षीदार बालकाची ओळख माध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे. त्यामुळे प्रत्यक्ष अत्याचाराविषयी बोलणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा, नाव किंवा शाळा पडद्यावर दाखविता येणार नाही. उरतो तो आवाज, आणि ओळख लपवायची तर तोही बदलावा लागेल. अशा वेळी त्या विद्यार्थ्याचे म्हणणे दुसऱ्या विद्यार्थ्याने वाचून दाखविणे आणि पडद्यावर केवळ रिकामा वर्ग, बाक व पाण्याचा माठ ठेवणे एवढाच मार्ग मोकळा राहतो.