‘वेअर द वर्ल्ड माइन’ : मोहिनी, संमती आणि समीक्षेचा प्रतिसाद

प्रस्तावना :
टॉम गुस्टाफसन या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘वेअर द वर्ल्ड माइन’ हा संगीतमय कल्पनारम्य चित्रपट २००८ साली प्रदर्शित झाला. त्याची पटकथा गुस्टाफसन व कोरी क्रुकेबर्ग यांची असून तिचे बीज गुस्टाफसन यांच्याच ‘फेअरीज’ (२००३) या लघुपटात आहे. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या सुखात्मिकेचा आधार घेऊन समलिंगी किशोराचे भावविश्व येथे साकारले आहे. प्रस्तुत लेखात या रूपांतराचे स्वरूप आणि त्यास लाभलेला समीक्षेचा प्रतिसाद यांचा परामर्श घेतला आहे.

आशय व रूपांतर :
मुलांच्या खाजगी शाळेत शिकणारा टिमथी आपल्या समलिंगी कलामुळे सहाध्यायांच्या कुचेष्टेचा विषय झाला आहे. रग्बी संघातील जोनाथनविषयी त्याला ओढ वाटते. इंग्रजीच्या शिक्षिका मिस टेबिट शाळेच्या नाट्यप्रयोगात त्याला ‘पक’ची भूमिका देतात. संहितेचा अभ्यास करताना त्याला मोहिनी घालणाऱ्या फुलाची कृती सापडते. त्या फुलाचा रस उडवून तो गावातील अनेकांना समलिंगी प्रेमात पाडतो. शेक्सपिअरच्या नाटकातील हे फूल म्हणजे रानटी पॅन्सी होय. इंग्रजीत ‘पॅन्सी’ हा शब्द बायकी समजल्या जाणाऱ्या पुरुषाची हेटाळणी करण्यासाठीही वापरला जातो. जो शब्द अपमानाचा, तेच फूल येथे सामर्थ्याचे साधन होते.

चित्रपटाचे शीर्षक नाटकातील हेलेनाच्या उद्गारावरून घेतले आहे. सारे जग आपले असते, तर एक डिमेट्रियस वगळता ते देऊन टाकून हर्मियासारखे व्हावे, अशी तिची इच्छा आहे. टिमथीची वाट नेमकी उलटी आहे. तो स्वतःला बदलत नाही. जगालाच आपल्यासारखे करतो.

समीक्षेचा प्रतिसाद :
महोत्सवांतील प्रेक्षकांनी या चित्रपटाचे उत्साहाने स्वागत केले. समीक्षकांचा प्रतिसाद एकंदरीत अनुकूल, परंतु संमिश्र होता. शेक्सपिअरच्या शब्दांवर बेतलेली गीते, स्वप्नदृश्यांची रंगत व प्रमुख अभिनेता टॅनर कोहेन याचे गायन यांची प्रशंसा झाली. उलट दुय्यम पात्रे एकरंगी आहेत व संदेश अतिशय उघड आहे, असे आक्षेप घेतले गेले. हे आक्षेप निराधार नाहीत. द्वेष करणाऱ्या माणसाला क्षणभर त्याच्या लक्ष्याच्या जागी उभे केले की तो सुधारतो, हा विश्वास सुलभ आहे. तथापि अमेरिकेतील प्रदर्शनाचा काळ लक्षणीय होता. ४ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातील मतदारांनी समलिंगी विवाहास मनाई करणारा ‘प्रपोझिशन ८’ हा प्रस्ताव संमत केला आणि त्याच महिन्यात हा चित्रपट चित्रपटगृहांत आला. बहुमताने अधिकार नाकारण्याच्या त्या क्षणी अख्खे गाव अल्पसंख्याकाच्या जागी जाते ही कल्पना केवळ गंमत राहत नाही.

संमतीचा प्रश्न :
खरा आक्षेप याहून गंभीर आहे. मोहिनी घालून प्रेम मिळवणे म्हणजे दुसऱ्याची इच्छा हिरावणे. ज्या दडपणाखाली टिमथी जगला, त्याचेच रूप तो इतरांवर लादतो. त्याची मैत्रीण फ्रँकी हिलाही त्याची झळ पोचते. चित्रपट हा दोष झाकत नाही. नाट्यप्रयोगाच्या वेळी मोहिनी उतरवली जाते, आणि येथेच रूपांतर मूळ संहितेपासून अर्थपूर्णपणे वेगळे होते. शेक्सपिअरच्या नाटकात लायसँडरवरील प्रभाव दूर होतो, परंतु डिमेट्रियस अखेरपर्यंत मोहिनीखालीच राहतो व त्याच्या विवाहास सर्वांची मान्यता मिळते. चित्रपटातील जोनाथन मात्र मोहिनी उतरल्यावरही टिमथीची साथ सोडत नाही. विषमलिंगी विवाहाच्या सुखान्तात जी सक्ती शतकानुशतके खपून गेली, ती या समलिंगी प्रेमकथेने स्वतःला मान्य केलेली नाही.

निष्कर्ष :
पात्रचित्रणातील उणिवा मान्य करूनही या चित्रपटाचे मोल त्याच्या संदेशात नसून मूळ नाटकाच्या वाचनात आहे, असे म्हणता येईल. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ वर्गात शिकवताना डिमेट्रियसच्या डोळ्यांतील रस कधी उतरला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. किशोरांसाठीचा, हलकाफुलका म्हणून गणला गेलेला हा चित्रपट तो प्रश्न विचारावयास लावतो, हे त्याचे श्रेय समीक्षेने पुरेसे नोंदवलेले दिसत नाही.